पाऊण लिटरचा वजू

मागच्या अंकात आजीच्या पहाटेबद्दल लिहिताना ‘ती वजू करून ओटीवर बसायची’ असं एक वाक्य मी सहज लिहून गेले. वजू म्हणजे नमाजेआधी ठरल्या रीतीने चेहरा, हात, पाय धुणं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. संपादकांनी गठ्ठा पाठवला, वर चिठ्ठी : ‘बाई, या वेळचं सदर वजूवरच होऊ द्या.’ होऊ दे. पण आधीच सांगते, मी मौलाना नाही. ३१ वर्षं ठाण्यात शाळेत मराठी शिकवलं, आता कौशाला मुलाकडे राहते. मूळची म्हसळ्याकडची कोकणी मुसलमान. घरात जे पाहिलं, वडिलांनी जे वाचून घेतलं आणि अडल्यावर जाणकारांना विचारून जे कळलं, तेवढंच लिहिते. फतवा हवा असेल त्यांनी आपापल्या मशिदीत विचारावं.

प्रश्न : मी महाप्याला एका कंपनीत ॲडमिनचं काम बघते. आमच्याकडचा एक मुलगा दुपारी नमाज पढतो. त्याआधी वॉशरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये पाय वर घेऊन धुतो. खाली सगळं पाणी. हाऊसकीपिंगचे काका दोनदा तक्रार करून गेले. मुलगा चांगला आहे, त्याला दुखवायचं नाही. पण पाय धुणं टाळता येत नाही का? आणि हे नेमकं करतात तरी काय? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : काय करतात ते आधी. आमची आजी विहिरीजवळच्या दगडावर उकिडवी बसायची. पुढ्यात तोटीचा तांब्याचा लोटा, आम्ही त्याला बधना म्हणतो. मनाशी नियत, ओठांत बिस्मिल्ला. दोन्ही हात मनगटांपर्यंत धुवायचे. मग चूळ. मग नाकात पाणी घेऊन शिंकरायचं. मग चेहरा : कपाळावर केस सुरू होतात तिथपासून हनुवटीखालपर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत. मग उजवा हात कोपरासकट, मग डावा. त्यानंतर डोक्यावर मसा. हे धुणं नव्हे, नुसता ओला हात फिरवायचा. मग कान. शेवटी पाय घोट्यांसकट, आधी उजवा. करंगळी बोटांच्या बेचक्यांतून फिरवायची. ती फिरवायला मी विसरले की आजी काही बोलायची नाही, नुसती माझ्या पायाकडे बघत राहायची. मग मी पुन्हा खाली बसायची.

कुराणच्या पाचव्या सूरेतल्या सहाव्या आयतीत यातल्या चारच गोष्टी आहेत. चेहरा, कोपरांपर्यंत हात, डोक्यावर मसा, घोट्यांपर्यंत पाय. बाकीचं पैगंबरसाहेबांच्या रीतीतून आलं. शिया मंडळी पायांवरही मसाच करतात, पण तुमचा मुलगा पाय धुतोय म्हणजे सुन्नी असावा. त्याला पाय टाळता येणार नाहीत.

मात्र ते बेसिनमध्येच धुतले पाहिजेत असं कुठे आहे? मीही हे उद्योग केलेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी शाळेतल्या बेसिनवर एक पाय टाकून मी उभी, साडीच्या निऱ्या एका हातात, आणि दारात शाळेच्या मावशी. त्या काहीच बोलल्या नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मोरीत एक लाकडी पाट आणि डालड्याचा रिकामा डबा ठेवलेला. ‘बाई, बसून धुवा, पडाल नाहीतर.’ त्या पाटावर मी निवृत्त होईपर्यंत वजू केला. मावशी माझ्याआधी गेल्या, पाट तिथेच राहिला.

तेव्हा त्याला ‘हे चालणार नाही’ असं सांगायला जाऊ नका. एक प्लास्टिकचं स्टूल आणि पाण्याचा मग द्या, आणि ड्रेन असलेली जागा दाखवा. शिवाय त्याला हेही विचारा की सकाळी घरून वजू करून निघतोस का. वजू दर नमाजेला नव्याने केलाच पाहिजे असं नाही. लघवी-संडास, वारा सरणं, गाढ झोप, बेशुद्धी अशा कारणांनी तुटेपर्यंत तो टिकतो. जोहरचा, म्हणजे दुपारच्या नमाजेचा, वजू असरला, म्हणजे त्यानंतरच्या नमाजेला, चालतो. आणि घरी वजू पुरा करून त्यावर चामड्याचे मोजे घातले, तर पुढे एक दिवस-रात्र त्या मोज्यांवरून ओला हात फिरवला की झालं. प्रवासात ही सवलत तीन दिवसांची. साधे सुती मोजे मात्र बहुतेक उलेमांना मंजूर नाहीत.

जमीन ओली ठेवून उठायचं नाही, हे त्याला खुशाल सांगा, माझ्या नावाने सांगा. रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणं ही ईमानाचीच, म्हणजे श्रद्धेचीच, एक शाखा, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या नोंदलेल्या वचनांत, आहे. वॉशरूममध्ये ती वस्तू म्हणजे त्याने सांडलेलं पाणी.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, वय ७४. संध्या करतो. तुमचा वजू आमच्या आचमनासारखाच वाटतो. मूळ उद्देश आरोग्याचाच असावा ना? मला व्हॉट्सॲपवर एक लेखही आला होता, की वजूने रक्ताभिसरण सुधारतं आणि परदेशी शास्त्रज्ञांनी ते मान्य केलं आहे.

उत्तर : तो लेख मलाही आला, तोही पाच जणांकडून. काका, तुमच्या-आमच्या घरचे हे फॉरवर्ड एकाच कारखान्यात बनतात की काय असा मला संशय आहे.

हातपाय धुतल्याने स्वच्छता होते हे खरंच. ‘पाकी हा अर्धा ईमान’ हे वचन तर ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे. पण वजू केवळ आरोग्यासाठी असता तर तीन गोष्टी जुळत नाहीत. एक, माणूस नुकताच साबण लावून आंघोळ करून आला आणि वारा सरला, तर त्याने पुन्हा चेहरा, हात, पाय धुवायचे. जिथून वजू तुटला ती जागा नाही, चेहरा! दुसरी, पाणी नसेल तर तयम्मुम. म्हणजे स्वच्छ मातीवर तळवे टेकवून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे. धूळ लावून कोणी निर्जंतुक होत नाही. तिसरी गोष्ट पैगंबरांचे जावई हजरत अलींची. चामड्याच्या मोज्यावर मसा वरच्या बाजूने करतात, चिखल तर तळव्याला लागतो. ते म्हणाले, धर्म नुसत्या अकलेने चालत असता तर वरच्यापेक्षा खालची बाजू पुसणं जास्त योग्य ठरलं असतं, पण मी पैगंबरांना वरूनच पुसताना पाहिलंय.

म्हणजे हे मुख्यतः अल्लाच्या हुजूरात उभं राहण्याआधीचं आवरणं आहे. हदीसमध्ये येतं की चेहरा धुताना डोळ्यांनी केलेले गुनाह पाण्याच्या शेवटच्या थेंबाबरोबर ओघळतात, हात धुताना हातांचे, पाय धुताना जिथे जिथे चालत गेलो तिथले. लहानपणी मी विहिरीच्या पन्हळीतलं पाणी निरखून बघायची, काही वाहत जाताना दिसतं का. वर्गात खडू चोरल्यानंतर तर फारच.

आचमनाशी तुलनेबद्दल मी काही बोलत नाही, संध्या मला ठाऊक नाही. पण दिवेलागणीला बाहेरून आलेल्या पोराला ‘आधी पाय धू’ म्हणून ओरडणारी आजी नौपाड्यात आणि म्हसळ्यात एकाच आवाजात ओरडते.

प्रश्न : मी भिवंडीची, आमचं घर हनफी. लग्न होऊन नेरुळला आले. नवरा कोकणी. परवा चहा देताना माझी बोटं लागली, तर ‘अरे, वजू गेला’ म्हणून ते उठले. मला रडूच आलं. मी काय नापाक आहे का? अब्बांना मी असं कधी करताना पाहिलं नाही.

उत्तर : बेटा, डोळे पूस. तुझे अब्बाही बरोबर आणि नवराही. ते हनफी, हे शाफई : सुन्नींचे हे दोन मजहब, म्हणजे नियमांच्या दोन परंपरा. वाद तुमच्या दोघांचा नाहीच, तो साडेबाराशे वर्षांचा जुना आहे.

वर सांगितलेल्या त्याच आयतीत वजू किंवा गुस्ल, म्हणजे पूर्ण आंघोळ, लागण्याच्या कारणांमध्ये ‘बायकांना स्पर्श केला असेल’ अशा अर्थाचे शब्द येतात. इमाम अबू हनीफांच्या परंपरेने त्याचा अर्थ शरीरसंबंध असा घेतला. इमाम शाफईंनी शब्दशः घेतला : कातडीला कातडी लागली की वजू तुटला. गंमत म्हणजे अबू हनीफा ज्या वर्षी वारले, त्याच वर्षी, इसवी सन ७६७ मध्ये, शाफई जन्मले. उत्तर हिंदुस्थानातून आलेली घराणी बहुतेक हनफी. आम्ही कोकणी शाफई, कारण आमच्याकडे दीन, म्हणजे धर्म, आला तो अरबांच्या गलबतांतून, जसा मलबारला आणि भटकळला. भिवंडी ते नेरुळ तू तासाभरात आलीस, पण मधे एक अख्खा समुद्र ओलांडलास.

हनफींचा एक भक्कम दाखला बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात की रात्री त्या झोपलेल्या असायच्या, पाय पैगंबरांच्या पुढ्यात पसरलेले. सजद्याला, म्हणजे कपाळ जमिनीला टेकायला, जाताना ते त्यांना हलकेच टोचायचे, त्या पाय आवरून घ्यायच्या. आणि नमाज चालूच. शाफई म्हणतात, मधे कापड असेल. हो, मधे कापड असलं तर आमच्यातही तुटत नाही.

नापाकचं म्हणशील तर, झोपेनेही वजू तुटतो. म्हणून झोप नापाक होते का? पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा एकदा गुस्ल झालेलं नसताना पैगंबरांना पाहून संकोचाने बाजूला सटकले, आंघोळ करून परत आले. त्यांना उत्तर मिळालं की मोमिन, म्हणजे ईमान असलेला माणूस, नापाक होत नाही. शिवाय हा नियम एकतर्फीही नाही. नवऱ्याच्या हिशेबाने तू शाफई असतीस तर त्यांच्या स्पर्शाने तुझाही वजू गेला असता. आईच्या, बहिणीच्या, मुलीच्या हाताने जात नाही, बायकोच्या जातो. याला मी तरी मानच समजते.

आणि आता तुझी वेळ येऊ दे. मासे साफ करताना काटा लागून रक्त वाहिलं तर हनफी म्हणून तुझा वजू गेला. त्यांचं कितीही रक्त वाहो, शाफईंचा वजू शाबूत! तेव्हा तूही ‘अरे, गेला’ म्हणून उठ.

आम्ही २०११ला हजला गेलो तेव्हा तवाफच्या, म्हणजे काबेभोवती सात फेरे घालण्याच्या, गर्दीत कोणाचा हात कोणाला लागतो याचा पत्ताच नव्हता. आमच्याबरोबरच्या मौलानांनी शाफई मंडळींना सांगून टाकलं की इथे या एका बाबतीत हनफी मत धरा. चाळीस वर्षं चहाचा कप टेबलावर ठेवायला लावणारे माझे मियाँ तिथे सातही फेरे माझं मनगट घट्ट धरून चालले. तू सध्या नमाजेच्या वेळेला कप टेबलावर ठेव. आणि त्यांना सांग, की ‘अरे’ हळू म्हणा.

प्रश्न : कळव्याला लोकल पकडतो, बसायला मिळालं की दादरपर्यंत डुलकी. वजू राहतो का?

उत्तर : शाफई असाल आणि सीटवर बूड घट्ट टेकलेलं असेल, तर राहतो. हनफी असाल आणि खिडकीला असे रेललेले असाल की आधार काढला तर कोसळाल, तर गेला. बसल्या बसल्या नुसती मान डुलली तर दोघांचाही राहतो. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजेची, वाट पाहत बसलेल्या सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांच्या, माना डुलायच्या आणि ते उठून तशीच नमाज पढायचे. शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपणाऱ्यांबद्दल शेजाऱ्याला विचारावं.

प्रश्न : आम्ही दिव्याला राहतो. पाणी दोन-दोन दिवस येत नाही, टँकर आला की पिंप भरून ठेवतो. घरात सहा माणसं, पाच वेळची नमाज. सासूबाई म्हणतात पाणी जपायचं तर तयम्मुम करा. चालेल का? आणि पिंपात हात बुडवला तर पाणी बिघडतं का?

उत्तर : सासूबाईंना माझा सलाम, हेतू चांगला आहे. पण पिंपात पाणी दिसत असताना तयम्मुम नाही. ती सवलत पाणी नसलेल्याला, पाण्याने आजार वाढेल अशा आजाऱ्याला, किंवा जे आहे ते पिण्यालाच लागेल अशा वेळची. ती आली कशी तेही सांगते. प्रवासात हजरत आयेशांचा हार हरवला, तो शोधायला अख्खा काफिला थांबला, आणि जवळ पाणी नाही. अबू बक्र मुलीवर चिडले. सकाळी तयम्मुमची आयत उतरली, आणि ज्या उंटावर त्या बसायच्या तो उठवल्यावर हार त्याच्याखाली सापडला. एका बाईच्या हरवलेल्या दागिन्यापायी सगळ्या आजाऱ्यांची सोय झाली. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या उशाशी विहिरीकडची कोरडी माती थाळीत ठेवलेली असायची. आम्हा शाफईंना हाताला धूळ लागेल अशीच माती लागते. हनफींना दगडही चालतो.

तुझा खरा प्रश्न वेगळा आहे : वजूला पाणी लागतं किती? मी मोजून पाहिलं. मोरीत नळाखाली बादली ठेवून रोजच्यासारखा वजू केला आणि मापाच्या मगाने मोजलं. साडेसात लिटर! पाचदा धरलं तर साडेसदतीस, एकट्या म्हातारीला. मग माळ्यावरून आजीचा बधना काढला, चिंचेने घासला, भरून घेतला. त्यात सव्वा लिटर मावतं. सगळे अवयव तीन-तीनदा धुऊनही तळाशी थोडं उरलं. तोटीची धार बारीक, आणि एका हाताने ओतायचं म्हटल्यावर दुसऱ्या हाताला आपोआप शिस्त लागते.

तेही जास्तच म्हणायचं. बुखारी आणि मुस्लिम दोघांकडे नोंद आहे की पैगंबर एक मुद पाण्यात वजू करायचे आणि चार ते पाच मुदमध्ये गुस्ल, म्हणजे पूर्ण आंघोळ. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची दोन हातांची भरलेली ओंजळ. पाऊण लिटरच्या आसपास धर, हनफींचा हिशेब थोडा मोठा येतो. इब्न माजांच्या हदीससंग्रहात येतं की पैगंबरांचे सोबती सअद वजू करत होते, पैगंबर म्हणाले, ही उधळपट्टी कसली? त्यांनी विचारलं, वजूतही उधळपट्टी असते? उत्तर मिळालं, हो, वाहत्या नदीकाठी बसलास तरी. आता नदीकाठी ही गत, तर दिव्यात टँकरच्या पाण्यावर काय असेल! तीनदा धुणं सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे, फर्ज, म्हणजे सक्तीचं, एकदाच. पाण्याच्या तंगीत एकदाच धुतलं तरी वजू पुरा होतो. तीनपेक्षा जास्त वेळा धुणं तर नापसंतच. आमच्या इमारतीत एक गृहस्थ वहिम आल्यासारखे कोपर घासत बसतात आणि वरच्या मजल्याचं पाणी जातं.

तेव्हा सहा जणांना सहा बाटल्या दे, एक-एक लिटरच्या. झाकणाला भोक पाड. एका बाटलीत एकाचा वजू. सहा माणसं, पाच वेळा, तीस लिटर, आणि तेही वजू दर वेळी तुटला असं धरून. बसायचं टबात, म्हणजे ते पाणी पुढे फरशीला आणि फ्लशला कामी येतं. त्याच पाण्याने पुन्हा वजू मात्र करायचा नाही. आरओच्या यंत्रातून फेकलं जाणारं पाणी आणि एसीचं ठिबकणारं पाणीही पाक असतं. रंग, वास, चव बदललेली नसेल तर वजूला खुशाल वापर.

पिंपाचं म्हणशील तर आमच्या मजहबात दोन कुल्ल्यांचं, म्हणजे दोन मोठ्या रांजणांचं, माप आहे, आजच्या हिशेबाने २०० लिटरच्या आसपास. त्याहून कमी साठ्यात नापाक वस्तू पडली की सगळं पाणी गेलं. त्याहून जास्त असेल तर रंग-वास-चव बदलेपर्यंत जात नाही. हनफींचं माप याहून पुष्कळ मोठं, दहा हात बाय दहा हातांचा हौज. तुझं निळं पिंप साधारण २०० लिटरचंच असणार, म्हणजे अगदी काठावर, आणि निम्मं झालं की काठाच्या खाली. कोपरापर्यंत हात बुडवून वजू करू नका, मगाने काढून घ्या, आणि पिंपावर झाकण ठेवा.

हौजावरून आठवलं. वडील मला एकदा मुंबईच्या जुम्मा मशिदीत घेऊन गेले होते, क्रॉफर्ड मार्केटजवळची, आपल्या कोकणी जमातीची. १८०२ साली ती बांधून झाली ती एका जुन्या तलावावरच. खाली अजून पाणी आहे. एवढ्या गर्दीच्या बाजारात, दगडी पायऱ्यांखाली हिरवं गार पाणी, त्यात मासे, आणि काठावर बसून माणसं हलक्या हाताने वजू करताहेत. वडील म्हणाले, बघ, कोणी शिंतोडे उडवत नाही. माझं सगळं लक्ष माशांकडे होतं.

प्रश्न : नेलपॉलिश लावलं तर वजू होत नाही, मग मेंदी कशी चालते?

उत्तर : मेंदीचा फक्त रंग उरतो, थर नाही. नेलपॉलिशचा थर पाणी नखापर्यंत पोहोचू देत नाही. हाच न्याय वाळलेल्या कणकेला, फेविकॉलला आणि रंगाऱ्याच्या हातावरच्या ऑइलपेंटला. ‘पाणी झिरपणारं’ म्हणून जे विकतात त्याने माझा तरी विश्वास कमावलेला नाही. लावायचंच तर वजू करून लावा, वजू तुटेपर्यंत मिरवा.

प्रश्न : मी सहावीत आहे. दादा म्हणतो थंडीत गार पाण्याने वजू केला तर जास्त सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो. मी गिझर लावतो. माझा सवाब कमी होतो का? (मुंब्रा)

उत्तर : दादा कुठून बोलतोय ते मला माहीत आहे. अंगावर येत असतानाही वजू पुरेपूर करणाऱ्याचा दर्जा वाढतो असं हदीसमध्ये आहे. पण मुद्दाम अंगावर काटा आणून घ्या असं तिथे नाही. गरम पाणी घे, एकाच मगात घे, आणि कोपर कोरडं ठेवू नकोस, थंडीत सगळे तिथेच चोरी करतात. दादाला म्हणावं, तू गार पाण्याने कर, आणि जाताना माझा गिझर तेवढा बंद कर.